अंदमानची अभ्यास सहल : अभ्यास किती, सहल किती?

खाडीकाठची
नमस्कार मंडळी. ठाण्यात कोपरीला राहते. लेक बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय प्राणिशास्त्र. सागरी जीवशास्त्राच्या पेपरसाठी कॉलेजने जानेवारीत अंदमानची फील्ड ट्रिप काढली आहे. सात दिवस, माणशी ४६ हजार, ३२ मुलं आणि ३ शिक्षक. सक्ती नाही, पण लेकीच्या म्हणण्याप्रमाणे "सगळे जातायत".

नवरा म्हणतो, गच्चीतून खाडी दिसते, ती बघ की फुकटात. ४६ हजारांत एसी येईल. सासूबाईंना अंदमान म्हटलं की काळं पाणीच आठवतं. माझे प्रश्न दोनच. तिला पोहता येत नाही, मग पाठवावं का? आणि ही खरोखर अभ्यासाची सहल असते की इन्स्टाची? पैसे भरायची मुदत शुक्रवारपर्यंत आहे.

चहाबाज
इन्स्टाची. पुढचा प्रश्न?

सीवूड्सची_साऊ
चहाबाज, तुम्ही कधी गेला होतात का अशा सहलीला? मी गेले आहे, म्हणून लिहिते.

एमएस्सीला असताना आम्हाला लक्षद्वीपला नेलं होतं, कडमत बेटावर. आधी परवान्यांची कागदपत्रं, मग कोचीहून जहाज. पहिल्या दिवशी सरांनी प्रवाळावर २० मीटरची दोरी अंथरली आणि सांगितलं, दर अर्ध्या मीटरला दोरीखाली काय आहे ते लिहा: जिवंत प्रवाळ, मेलेलं प्रवाळ, वाळू, शैवाल. प्लॅस्टिकची पाटी आणि पेन्सिल. पाण्याखाली पेन चालत नाही, पेन्सिल चालते, हे मला वयाच्या बाविसाव्या वर्षी कळलं. डोकं पाण्यात घातलं आणि पहिली दहा मिनिटं मी एक अक्षर लिहिलं नाही. नुसती बघत बसले. वर आल्यावर बोलणी खाल्ली.

आमच्यातल्या निम्म्या मुलींना पोहता येत नव्हतं. लाइफ जॅकेट घालून पालथं तरंगायचं असतं, सोबत बेटावरचा माणूस असतो. पोहण्यापेक्षा घाबरून हातपाय न मारणं जास्त महत्त्वाचं. तरी अजून महिना आहे, पालिकेच्या तरणतलावात घाला. तरंगायला शिकली तरी खूप झालं.

कोपरीचा_पक्या
ताई, एसी घ्या. एसीला लाइफ जॅकेट लागत नाही.

तर्रीवाला
अंदमानला जायला पासपोर्ट लागतो का? (धागा वाचलेला नाही.)

निवृत्त_मास्तर
३१ वर्षं प्राणिशास्त्र शिकवलं, दरवर्षी लाँग टूर काढली, तेव्हा थोडं सविस्तर लिहितो.

पहिली मोठी टूर १९८४ सालची, तमिळनाडूत रामेश्वरजवळच्या मंडपमला. तिथून होडीने कृसडै बेटावर गेलो. त्या काळच्या प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्याला बॅलॅनोग्लोसस हा शब्द देवाच्या नावासारखा पाठ असायचा, आणि तो प्राणी प्रत्यक्ष बघायचा तर कृसडैला जायचं. वाळूत हात घालून तो मऊ, पिवळट, उग्र वासाचा किडा काढला तेव्हा मुलांनी टाळ्या वाजवल्या होत्या. मग आम्ही काय केलं? त्याला फॉर्मॅलिनमध्ये, म्हणजे नमुने टिकवायच्या झोंबऱ्या द्रवात टाकलं. तारामासे, समुद्रकाकड्या, प्रवाळाचे तुकडे, सगळं बरण्यांत भरलं. परतीच्या गाडीत गुंटकलच्या आसपास एक बरणी फुटली. दादरपर्यंत अख्खा डबा डोळे पुसत आला आणि टीसीने तिकिटं दारातूनच तपासली.

त्या बरण्या पुढे पंचवीस वर्षं आमच्या प्रयोगशाळेत धूळ खात होत्या. आज यातलं काही करायची सोय नाही, आणि ते योग्यच आहे. प्रवाळ आणि समुद्रकाकडी वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. म्हणजे कागदावर वाघाच्या पंक्तीला.

आता तुमच्या प्रश्नाचं. सहल अभ्यासाची आहे की नाही हे ठिकाणावरून कळत नाही, वेळापत्रकावरून कळतं. कॉलेजने दिलेला कागद इथे टाका, म्हणजे सांगतो.

खाडीकाठची
सर, हा घ्या. जसा आहे तसा उतरवते.

पहिला दिवस: श्री विजयपुरम (पोर्ट ब्लेअर), सेल्युलर जेल, लाइट अँड साउंड शो. दुसरा: रॉस बेट, शॉपिंग. तिसरा: हॅवलॉक, राधानगर बीच, सूर्यास्त. चौथा: एलिफंट बीच, स्नॉर्केलिंग. पाचवा: कालापत्थर, संध्याकाळी कॅम्पफायर आणि डीजे. सहावा: आराम, ऐच्छिक स्कूटर राइड. सातवा: सकाळी ६ ला स्कूबा, मग फेरी, दुपारचं विमान.

चहाबाज
मी फक्त एवढंच म्हणेन: इन्स्टाची.

सीवूड्सची_साऊ
चहाबाज, यावेळी तुम्ही बरोबर. लिहितानाही त्रास होतोय.

निवृत्त_मास्तर
डीजेच्या आवाजावर कोणत्या प्राण्याचा अभ्यास करायचा आहे? हा ट्रॅव्हलवाल्याचा हनिमूनचा कागद आहे, वर कॉलेजचं नाव चिकटवलंय. सेल्युलर जेल बघावंच, त्याबद्दल वाद नाही. पण सात दिवसांत समुद्राच्या वाट्याला एक सकाळ?

दर्यावर्दी
नेरुळ. मर्चंट नेव्हीत होतो. सगळ्यांनी डीजे पाहिला, सातवा दिवस कोणी पाहिला नाही. सकाळी स्कूबा आणि त्याच दुपारी विमान! दाबाखाली श्वास घेतला की रक्तात आणि पेशींत नायट्रोजन विरघळतो, तो हळूहळू बाहेर पडायला वेळ द्यावा लागतो. विमानात दाब कमी झाला की त्याचे बुडबुडे होतात. एक डाइव्ह असेल तर निदान बारा तास, जास्त असतील तर अठरा तास विमान नको, हा साधा नियम आहे. ताई, बाकी काही बदललं नाही तरी चालेल, पण हे शिक्षकांना आजच्या आज सांगा.

बोट लागत असेल तर गोळी निघायच्या अर्धा-पाऊण तास आधी घ्यायची, उलटी आल्यावर नाही. मधल्या भागात बसायचं आणि मोबाइलकडे न बघता क्षितिजाकडे बघायचं.

कोपरीचा_पक्या
आजच्या मुलांना क्षितिज म्हणजे इमारतीचं नाव वाटेल. आमच्याकडे दोन आहेत.

तिवर
माझं मत वेगळं आहे आणि थोडं तिखट वाटेल. खाडीकाठी राहून अंदमानला सागरी जीवशास्त्र शिकायला जाणं म्हणजे घरात आजी असताना आजीच्या गोष्टींचं ॲप विकत घेणं. ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झालं, २०२२ मध्ये ते रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा झालं. ऐरोलीला किनारी व सागरी जैवविविधता केंद्र आहे, तिथून बोटीने खाडीत जाता येतं. तिवर, चिपी, कांदळ ही खारफुटीची झाडं, चिखलात बिळं करणारे निवट्या मासे, खेकडे, हजारो रोहित पक्षी (फ्लेमिंगो). सगळं रिक्षाच्या भाड्यात. तुमच्या लेकीच्या वर्गातल्या किती जणांनी हे पाहिलंय, विचारा.

खाडीकाठची
विचारलं. ३२ पैकी ४.

सीवूड्सची_साऊ
तिवर, खाडीबद्दल पूर्ण सहमत, पण ही तुलना चुकीची आहे. खाडीत प्रवाळ कुठून दाखवणार? त्याला स्वच्छ, उथळ, खारं, उबदार पाणी लागतं, कारण त्याच्या अंगात राहणाऱ्या सूक्ष्म शैवालाला ऊन हवं. आपल्या गाळाच्या पाण्यात हात घातला तर बोटं दिसत नाहीत. आणि फ्लेमिंगो खाडी स्वच्छ म्हणून येत नाहीत. सांडपाण्यातल्या खतावर शैवाल माजतं, ते खायला येतात.

तिवर
मग हाच तर अभ्यास! आणि मुंबईत प्रवाळ नाही असं कोण म्हणालं? कोस्टल रोडच्या वेळी २०२० मध्ये वरळी-हाजीअलीच्या खडकांवरचं प्रवाळ उचलून कुलाब्याकडे लावलं होतं. ओहोटीला हाजीअलीच्या खडकांवर गेलात तर समुद्रफुलं, स्पंज, रंगीत समुद्रगोगलगायी दिसतात. अगदीच लांब जायचं तर मालवण आहे. १९८७ पासूनचं सागरी अभयारण्य, प्रवाळासकट, आणि रात्रीच्या गाडीने सकाळी पोचता. ४६ हजारांत अख्खा वर्ग जाऊन येईल आणि सोलकढीही होईल.

निवृत्त_मास्तर
दोघांचंही खरं आहे. प्रवाळभित्तीचे तीन प्रकार डार्विनने १८४२ मध्ये मांडले: किनाऱ्याला लागून असलेली, किनाऱ्यापासून दूर अडथळ्यासारखी, आणि मधलं बेट बुडून उरलेलं कंकण. अंदमानला मुख्यतः पहिला प्रकार, लक्षद्वीपला तिसरा. हे मी ३१ वर्षं फळ्यावर काढलं. ज्या वर्षी मुलांना पिरोटनला, कच्छच्या आखातात, ओहोटीच्या वेळी प्रवाळाच्या कडेने चालवलं, त्या वर्षी फळ्यावर काढावं लागलं नाही. पण त्या मुलांना मी आधी दोन रविवार माहीमच्या खडकांवर नेलं होतं. बघायची सवय घरी लावावी लागते.

वाशीकर_मीनल
एक वेगळाच मुद्दा. आमच्या वेळीही अशीच "सक्ती नाही" टूर होती. आम्ही पाच जणी गेलो नाही. बाबांकडे मागायची हिंमत झाली नाही, आणि कॉलेजात कारण सांगितलं की घरी लग्न आहे. पाचही घरी एकाच आठवड्यात लग्न! टूर रिपोर्टला गुण होते. आम्हाला ग्रंथालयात बसून इतरांच्या वह्या उतरवायला सांगितल्या. मी आजही न पाहिलेल्या समुद्री घोड्याचं वर्णन तोंडपाठ म्हणू शकते.

ताई, तुम्ही पाठवाल याची खात्री आहे. पण जे जाणार नाहीत त्यांच्यासाठी काय ठरवलंय, हेही पालकांच्या ग्रुपवर विचारा.

तर्रीवाला
मीनल, +१. विनोद बाजूला ठेवून.

चेंदणीकर
इतका वेळ वाचत होतो. आम्ही चेंदणी कोळीवाड्याचे. आजोबा खाडीत मासेमारी करायचे. जिताडा, बोयटं, कोळंबी, चिंबोऱ्या मिळायच्या. आता जाळ्यात प्लॅस्टिक जास्त येतं. अभयारण्य झालं त्याचा आनंद आहेच, पण पाट्या लावताना कोळ्यांना कोणी विचारलं नाही, एवढं नोंदवून ठेवतो.

पोरीला एक गोष्ट शिकवा. भरतीची वेळ मोबाइलवर बघायची नाही. तिथीला पाऊणने गुणायचं. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला पूर्ण भरती. अष्टमीला सहा. त्यानंतर सहा तासांनी ओहोटी. पुनव-अवसेला उधाण, म्हणजे पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. अष्टमीच्या आसपास भांग, पाणी मरगळलेलं. किनारा बघायचा तर उधाणाची ओहोटी पकडायची. भांगाला जाऊन काही दिसत नाही, चिखलही धड उघडा पडत नाही.

सीवूड्सची_साऊ
हे सूत्र सोन्याचं आहे! मी भरतीचं कोष्टक डाउनलोड करत बसायचे.

दर्यावर्दी
सूत्र झकास आहे, पण मुंबईच्या किनाऱ्याचं. खाडीत आत पाणी थोडं उशिरा चढतं. अंदमानला हा हिशोब तसाच लागेल असं नाही, आणि तिथे पाण्याची चढउतारही कमी. आपल्याकडे उधाणाला साडेचार-पाच मीटर, तिकडे साधारण दोन.

अवांतर: अंदमानचा किनारा स्थिर आहे असं समजू नका. २००४ च्या भूकंपात उत्तरेकडची बेटं उचलली गेली आणि तिथलं प्रवाळ कायमचं पाण्याबाहेर येऊन मेलं. दक्षिणेला उलट झालं, जमीन खचली. इंदिरा पॉइंटचं दीपगृह जमिनीवर होतं, आता त्याच्या पायाशी समुद्र आहे.

चहाबाज
धागा भरकटला तरी वाचनीय आहे. चहा ठेवलाय.

खाडीकाठची
पैसे भरले. पण त्याआधी लेकीने हा सगळा धागा छापून शिक्षकांकडे नेला (मला न विचारता!). त्यांना राग येईल असं वाटलं होतं. उलट ते म्हणाले, कागद एजंटचा आहे, मीच वैतागलोय. स्कूबा रद्द. डीजे रद्द, यावर वर्गात शोककळा. वंडूरचं महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यान आणि नील बेट वाढवलं. न येणाऱ्या सहा जणांसाठी ऐरोली आणि हाजीअलीचं काम ठरलंय, गुण तेवढेच. मीनलताई, तुमची पोस्ट त्यांनी दोनदा वाचली म्हणे.

आता सामान काय द्यायचं ते सांगा. आणि पाळीचे दिवस त्याच आठवड्यात आहेत, त्याचं काय?

सीवूड्सची_साऊ
कप किंवा टॅम्पॉन वापरत असेल तर पाण्यात जायला काहीच हरकत नाही. शार्क येतात वगैरे कोणी सांगितलं तर हसून सोडून द्या. पण नवीन प्रयोग तिथे नको, आधी घरी सवय करू दे. नाहीतर त्या दिवशी किनाऱ्यावरचं काम मागून घ्यायचं, तेही भरपूर असतं.

सामान: लांब बाह्यांचा पोहण्याचा टी-शर्ट, म्हणजे पाठीला सनस्क्रीन फासावं लागत नाही. काही सनस्क्रीनमधली द्रव्यं प्रवाळाला घातक असतात, पलाऊ या बेटांच्या देशाने २०२० पासून त्यांवर बंदी घातलीय. स्वतःची स्टीलची बाटली, कारण वंडूरच्या उद्यानातल्या जॉली बॉय बेटावर प्लॅस्टिक नेऊ देत नाहीत. वाळूमाश्यांसाठी खोबरेल तेल. चावल्या तर खाजवायचं नाही, जखमा महिनाभर राहतात. आणि तिथे जानेवारीत साडेपाचच्या आत सूर्य मावळतो, घड्याळ मात्र आपलंच. सगळी कामं सकाळी उरकायची.

निवृत्त_मास्तर
एकच सूचना. शंकू शंख, म्हणजे कोन शेल, कितीही सुंदर दिसला तरी उचलायचा नाही. आत प्राणी जिवंत असेल तर त्याचा डंख जीव घेऊ शकतो. मेलेले शंखही आणायचे नाहीत, विमानतळावर पिशव्या तपासतात.

वाशीकर_मीनल
माझ्या भाच्याने मूठभर प्रवाळाचे तुकडे खिशात टाकले होते. विमानतळावर काढून घेतले आणि बापासमोर पाऊण तास समज दिली. एकविसाव्या वर्षी!

तर्रीवाला
वाळू आणली तर चालते का? बायकोने हनिमूनची बाटली भरून ठेवलीय.

सीवूड्सची_साऊ
वाळूही उचलू नये. शिवाय सांगू का, त्या पांढऱ्या वाळूतला बराचसा भाग पोपटमाशाच्या पोटातून आलेला असतो. तो चोचीने प्रवाळ खरवडतो, शैवाल पचवतो आणि उरलेला चुना मागून सोडतो.

तर्रीवाला
शोकेसमध्ये, गणपतीच्या शेजारी ठेवलीय ती बाटली. आता घरी कसं सांगू?

कोपरीचा_पक्या
सांगू नकोस. नारळी पौर्णिमेला गुपचूप विसर्जन कर.

खाडीकाठची
(दोन महिन्यांनी धागा वर काढतेय.)

लेक परत आली. काळीठिक्कर. खूप जणांनी व्यनि (खासगी निरोप) करून विचारलं म्हणून लिहिते.

वंडूरला पहिल्यांदा पाण्यात उतरली तेव्हा मास्कमध्ये पाणी गेलं, घाबरली, आणि तिला होडीत बसवून ठेवलं. रडली म्हणे. दुसऱ्या फेरीला बोटवाल्या दादांनी सांगितलं, काचेला आतून थुंकी लाव, धुके येणार नाही, आणि माझ्या रिंगला धर. मग अर्धा तास बाहेर यायला तयार नव्हती. साऊताई, तिनेही पहिली दहा मिनिटं काही लिहिलं नाही!

हॅवलॉकला वारा सुटला, एलिफंट बीचच्या होड्या बंद. म्हणजे मूळ कागदातली ती एकुलती एक सकाळही गेली असती. खरं काम झालं नीलला, आता शहीद द्वीप. लक्ष्मणपूरच्या नैसर्गिक पुलाजवळ ओहोटीला खडकांत पाण्याची डबकी उघडी पडतात. तिथे एक मीटरच्या चौकटी टाकून मुलांनी तीन तास मोजणी केली. समुद्रकाकड्या, ठिसूळ तारे, निळ्या ओठांचा मोठा शिंपला. जिवंत प्रवाळापेक्षा मेलेलं, शेवाळ चढलेलं जास्त. सरांनी २०१० आणि २०१६ च्या ब्लीचिंगबद्दल तिथेच उभं राहून सांगितलं. पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा अंशभर जास्त तापलं आणि तसंच काही आठवडे राहिलं की प्रवाळ आपल्या अंगातलं शैवाल बाहेर टाकतं, पांढरं पडतं आणि उपाशी मरतं. हे मी तिच्या वहीतून उतरवतेय, चूक असेल तर सर दुरुस्त करतीलच.

चेंदणीकरदादा, तुमचं सूत्र तिने तिथे लावून पाहिलं. बसलं नाही. काही तासांचा फरक आला, त्यावर तिने वहीची दोन पानं भरली आहेत आणि सरांनी तेवढ्याच भागावर 'छान' लिहिलंय.

निवृत्त_मास्तर
चूक काही नाही. ती दोन पानं मला वाचायला आवडतील.

चहाबाज
माझा शब्द मागे घेतो. फोटो किती टाकले?

खाडीकाठची
चहाबाज, १४०. तुम्ही अर्धे बरोबर होतात.

पण आता नवीनच सुरू झालंय. रविवारी पौर्णिमा होती. ही आणि सहलीला न गेलेल्या दोघीजणी संध्याकाळची ओहोटी गाठून कोपरीच्या मागे खाडीत उतरल्या, अंदमानची ती चौकट घेऊन, निवट्यांची बिळं मोजायला. गुडघाभर चिखल. एकीची चप्पल आतच राहिली. तिघींच्या जीन्स बादलीत आहेत, बाथरूममध्ये उभं राहवत नाही, आणि नवरा म्हणतो, बघ, मी म्हटलं होतं ना खाडी बघ. त्याला उत्तर नंतर देईन. आधी सांगा, हा काळा चिखल निघतो कशाने? व्हिनेगर, लिंबू सगळं झालं.

तिवर
तिघी एकट्या खाजणात उतरल्या? पुढच्या वेळी कोणाला तरी सोबत घेऊन जा म्हणावं, चिखल काही ठिकाणी कमरेपर्यंत जातो. बिळांचे आकडे मात्र मला पाठवा.

चेंदणीकर
ताई, बादलीतून आधी बाहेर काढा. ओला चोळाल तर कापडात बसेल. उन्हात कडक वाळवा, मग झटकून ब्रश मारा आणि त्यानंतर धुवा. वास दोन धुण्यांत जाईल. डाग थोडा राहील, तो राहू द्या, नाहीतरी त्याच जीन्स पुन्हा लागणार आहेत. पुढची अवस कधी आहे ते तिला माहीत असेलच. त्या दिवशी मी येतो सोबत, चप्पलही शोधू.